शिंपल्यांची नावे

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात, बेडकांच्या आणि विंचवांच्या बरण्यांच्या मागे, एक पुठ्ठ्याची पेटी कित्येक वर्षे पडून होती. गेल्या वर्षी कपाट झाडताना ती हाती लागली. आत कापसावर मांडून ठेवलेले शिंपले होते आणि झाकणावर जांभळ्या शाईने, वळणदार अक्षरात, एवढेच लिहिले होते : ‘गोड्या पाण्यातील शिंपले. युनिओ.’ ते कोणी गोळा केले, केव्हा केले, कोठून आणले, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नव्हता. आम्हांला त्या वेळी त्यात काही उणे वाटले नाही. उणकलचे तळे इतके जवळ असताना शिंपले आणखी कोठून येणार, असा विचार करून आम्ही एक स्वच्छ कागद कापला, त्यावर ‘उणकल तलाव’ असे लिहिले आणि तो झाकणावर चिकटवून टाकला. हा कागद पुढे आम्हांला कसा भोवला, ते ओघाने येईलच.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तळ्याचे पाणी मागे हटू लागले की काठच्या चिखलात शिंपले उघडे पडतात. काही रिकामे असतात. त्यांची दोन्ही पुटे बिजागरीशी अजून जोडलेली असतात आणि ती उघड्या पुस्तकासारखी पालथी पडलेली दिसतात. काही जिवंत असतात. ते चिखलात अर्धे रुतलेले असून त्यांच्या मागे त्यांनीच ओढलेली एक बारीक चरी दिसते. एका रविवारी सकाळी आठवी-नववीच्या मुलांना घेऊन आम्ही रिकामे शिंपले वेचावयास गेलो. जिवंत प्राण्याला हात लावावयाचा नाही, हे निघण्यापूर्वीच ठरले होते. तेथे म्हशी धुणारा एक मुलगा आमची ती लगबग बराच वेळ पाहत होता. ‘कप्पे चिप्पु’ घेऊन तुम्ही काय करणार, असे त्याने शेवटी विचारले. कन्नडात कप्पे म्हणजे बेडूक आणि चिप्पु म्हणजे कवच. बेडकाचे कवच! शिंपल्याला याहून सुंदर नाव आम्ही तरी ऐकलेले नाही.

परंतु त्या नावावरून आमच्यातच वाद सुरू झाला. एकाची आजी रत्नागिरीकडची. तिच्या घरी अशा सगळ्यांना तिसऱ्याच म्हणतात, असे त्याने ठासून सांगितले. दुसऱ्याचे आजोळ गोव्याचे. त्याच्या मते हे खुबे. वास्तविक तिसऱ्या काय किंवा खुबे काय, ते खाडीच्या खाऱ्या-मचूळ पाण्यातले. उणकलच्या गोड्या पाण्यातील शिंपेशी त्यांचा संबंध दूरचा. शिवाय गोव्याच्या बाजारात तिसऱ्या या एकाच नावाखाली मेरेट्रिक्स आणि पाफिया अशा दोन निराळ्या वंशांतील शिंपा विकल्या जातात. मेरेट्रिक्सचे कवच गुळगुळीत असते, तर पाफियाच्या कवचावर समांतर वळ्या असतात. रांधणाऱ्या गृहिणीला त्या भेदाशी कर्तव्य नसते आणि असण्याचे कारणही नाही. लोकांनी ठेवलेली नावे ही लोकांच्या गरजेपुरती नेमकी असतात.

शास्त्रज्ञांची गरज निराळी आहे. रत्नागिरीत लिहिलेले वर्णन भुवनेश्वरच्या किंवा लंडनच्या अभ्यासकाने वाचले, तर तो त्याच प्राण्याविषयी वाचतो आहे, अशी खात्री त्याला हवी असते. त्यासाठी स्वीडनच्या लिनीअसने सर्व प्राण्यांना लावलेली दोन शब्दांची नावे, त्याच्या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून, प्राणिशास्त्रात प्रमाण मानली जातात. पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा जातीचा. आपल्याकडील आडनाव आणि नाव यांसारखेच, पण आडनाव आधी. अनेक वंश मिळून एक कुल होते. एकाच जातीला दोघांनी निरनिराळी नावे दिली असल्यास ज्याचे आधी छापले गेले त्याचे टिकते. आणखी एक नियम असा की, प्रत्येक जातीचे नाव हे शेवटी एखाद्या संग्रहालयातील खऱ्याखुऱ्या नमुन्याला बांधलेले असते. वर्णन कितीही चांगले असले तरी शंका आल्यास त्या नमुन्याकडे परत जावयाचे. हा दुसरा नियम ध्यानात ठेवावा. आमच्या पेटीची गोष्ट त्याच्याशीच निगडित आहे.

उणकलहून आणलेले शिंपले धुऊन, वाळवून आम्ही बाकावर मांडले. पुस्तक उघडल्यावर पहिला धक्का बसला तो हा की, पेटीवरचे ‘युनिओ’ हे नाव मुळीच चालण्यासारखे नव्हते. एकोणिसाव्या शतकात गोड्या पाण्यातील जवळजवळ प्रत्येक लांबट शिंपेला युनिओ म्हणत. पुढे १९०० साली सिम्प्सन या अमेरिकी अभ्यासकाने आपल्याकडील तळ्यांतल्या शिंपांचा वंश वेगळा काढून त्याला लॅमेलिडेन्स असे नाव दिले. लॅमेला म्हणजे पातळ पट्टी आणि डेन्स म्हणजे दात. शिंपला उघडून बिजागरीकडे पाहिले तर एका पुटावरील पातळ, लांब पट्ट्या दुसऱ्या पुटावरील खाचांत बसताना दिसतात. पेटीच्या झाकणाची कड तिच्या खोबणीत बसावी तसे ते बसतात. या पट्ट्यांमुळे दोन पुटे एकमेकांवरून घसरत नाहीत.

या वंशातील दोन जाती आपल्या देशातील तळ्यांत नेहमी आढळतात. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस हिचे वर्णन १८१९ मध्ये फ्रान्सच्या लामार्कने केले, आणि लॅमेलिडेन्स कोरिआनस हिचे १८३४ मध्ये अमेरिकेच्या आयझॅक ली यांनी. हे ली व्यवसायाने फिलाडेल्फियातील पुस्तक-प्रकाशक. पण शिंपल्यांचे वेड असे की, जगभरच्या शेकडो शिंपांना त्यांनी नावे दिली. पहिली जाती रुंद, अंडाकार. तिच्या कवचाच्या कडेला फिकट पट्टा असतो आणि मार्जिनॅलिस या शब्दाचा अर्थही ‘कडेची’ असाच आहे. दुसरी अधिक लांबट आणि अरुंद. वाचताना हे इतके सोपे वाटले की, अर्ध्या तासात काम आटोपेल अशी आमची कल्पना होती.

मुलांनी दोन ढीग करावयास घेतले. रुंद तेवढे डावीकडे, लांबट तेवढे उजवीकडे. थोड्याच वेळात मध्ये तिसरा ढीग उभा राहिला, कोठेच न बसणाऱ्यांचा. आणि तासाभराने पाहावे तो हा मधला ढीगच सर्वांत मोठा! फिकट पट्टा पाहावा, तर जुन्या शिंपल्यांवर तो चिखलाने काळवंडून गेलेला. ककुद पाहावे, म्हणजे बिजागरीजवळचा तो बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, तर पुष्कळांचे ककुद झिजून आतला मोत्याचा थर उघडा पडलेला. दोन मुलांनी एकच शिंपला दोनदा, दोन वेगळ्या ढिगांत टाकला आणि दोघांचीही कारणे ऐकण्यासारखी होती.

दोष मुलांचा नव्हता. शिंपेचे कवच हे तिने आयुष्यभर बांधीत आणलेले घर असते. कवचाच्या कडेशी लागून असलेला प्रावार नावाचा मऊ पडदा चुन्याचे कण रोज थोडेथोडे चढवीत जातो. पाणी वाहते आहे की संथ, तळ वाळूचा आहे की चिखलाचा, पाण्यात चुना किती, अन्न किती, शेजारी गर्दी किती, यांनुसार त्या घराचा आकार बदलतो. लहानपणी गोलसर असलेली शिंप म्हातारपणी लांबट होऊ शकते. म्हणून एकाच मातेची पिल्ले दोन तळ्यांत वाढली, तर त्यांना पाहून कोणी दोन जाती म्हणेल. आणि तसे म्हटले गेलेही आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये बूर्गिन्या आणि त्यांच्या अनुयायांचा एक पंथ होता. कवचाच्या आकारात थोडाही फरक आढळला की हे लोक नवी जाती जाहीर करीत. युरोपच्या तळ्यांतील ॲनोडोंटा नावाच्या शिंपेला अशा रीतीने शेकडो नावे मिळाली. पुढच्या पिढ्यांची किती वर्षे ती नावे पुसण्यात गेली असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

ही चूक त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणावी लागेल. एकाला शंभर नावे मिळाली, तरी वाया जातो तो कागद. याउलट, जे मुळात वेगळे आहेत त्यांना एक नाव मिळाले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यातील भद्रा नदीत आहे.

भद्रेच्या वाहत्या पाण्यात खडकांना घट्ट चिकटून राहणारी एक शिंप आहे. ती तळ्यातल्या शिंपेसारखी चिखलातून फिरत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर कालवे खडकाला चिकटतात, तशी ती एकदा चिकटली की जन्मभर तेथेच. कवच जाड, वेडेवाकडे, खडकाच्या खाचेत मावेल तसे वाढलेले. तिचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये पोहोचले, तेव्हा तेथील शिंपल्यांचे जाणकार एडगर अल्बर्ट स्मिथ यांच्यापुढे ते आले. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या नद्यांत अगदी अशीच, खडकाला चिकटणारी, वेड्यावाकड्या कवचाची शिंप आढळते. तिला त्या काळी मुलेरिया म्हणत. स्मिथ यांनी १८९८ साली भद्रेच्या शिंपेला त्याच वंशात घातले आणि डॅली या गृहस्थांच्या नावावरून तिचे नाव मुलेरिया डॅलाय असे ठेवले. १९०७ मध्ये फ्रान्सच्या आंतोनी यांना ती थोडी निराळी वाटली. त्यांनी स्यूडोमुलेरिया, म्हणजे ‘खोटी मुलेरिया’, असा नवा वंश केला. तरीही आफ्रिकेतील नाईलसारख्या नद्यांतून आढळणारी ईथेरिया, कोलंबियातील मुलेरिया आणि भद्रेतील ही खोटी मुलेरिया, अशा तिघींना एकाच कुलात ठेवण्याचा प्रघात बराच काळ चालू राहिला.

येथे एक मोहक विचार मनात येतो. हिंदुस्थान, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका ही भूखंडे कोट्यवधी वर्षांपूर्वी एकमेकांना जोडलेली होती, हे आता शाळेच्या पुस्तकांतही असते. तर मग एकाच कुलातील या तीन बहिणी तीन खंडांवर बसून वेगळ्या झाल्या असाव्यात! ही कल्पना इतकी सुबक आहे की ती खरी ठरावी असे कोणालाही वाटेल. पण २००० साली बोगन आणि हो या दोन अमेरिकी संशोधकांनी या शिंपांच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य, म्हणजे ज्याला सर्वजण डीएनए म्हणतात ते, तपासले. तेव्हा असे दिसले की भद्रेची शिंप त्या दोघींची बहीण नव्हेच. ती युनिओनिडी या कुलातील, म्हणजे आपल्या उणकलच्या चिखलात चरी ओढीत फिरणाऱ्या लॅमेलिडेन्सच्या कुलातील आहे. वेगवान प्रवाहात वाहून जाऊ नये म्हणून तिच्या पूर्वजांनी खडक धरला. कोलंबियातील शिंपेच्या पूर्वजांनीही धरला. आणि खडकाला चिकटून जगण्याने दोघींची रूपे सारखी झाली. भूखंडे जोडलेली होती याला इतर भरभक्कम पुरावे आहेत. हा मात्र त्यांतला नव्हता. रूप हे राहणीने दिलेले होते, रक्ताने नव्हे.

भद्रेच्या शिंपेचे हे कोडे सुटण्यास शंभरावर वर्षे लागली. तिला पाहण्यासाठी नदीच्या पाण्यात गुडघाभर उतरले म्हणजे पुरे. ज्यांना पाहण्यासाठी अडीच हजार मीटर खाली जावे लागते, त्यांची अवस्था काय असेल?

ते जग १९७७ साली प्रथम दृष्टीस पडले. पॅसिफिक महासागरातील गालापागोस बेटांजवळ ‘ॲल्विन’ नावाच्या छोट्या पाणबुडीतून शास्त्रज्ञ सुमारे अडीच हजार मीटर खोल उतरले. सूर्यप्रकाश तेथे पोहोचत नाही. त्यामुळे फारसे काही जगत नसेल अशीच अपेक्षा होती. प्रत्यक्षात समुद्रतळाच्या भेगांतून ऊन पाणी वर येत होते आणि त्या भेगांत पांढऱ्या शिंपांच्या रांगा रुतून बसल्या होत्या. त्यांची लांबी पाव मीटरपर्यंत, आणि मांस आपल्या रक्तासारखे लाल. कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते. या शिंपा जवळजवळ काहीच खात नाहीत. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू त्या आपल्या पावलाने भेगेतून शोषून घेतात आणि कल्ल्यांत राहणाऱ्या जीवाणूंना पोहोचवितात; ते जीवाणू त्यावर अन्न तयार करतात आणि शिंप त्यांवर जगते. एकाच्या विषावर दोघांचा संसार!

केनेथ बॉस आणि रूथ टर्नर यांनी १९८० मध्ये या शिंपेचे शास्त्रीय वर्णन करून तिचे नाव कॅलिप्टोजेना मॅग्निफिका, म्हणजे ‘भव्य कॅलिप्टोजेना’, असे ठेवले. ‘ॲल्विन’मधून खाली गेलेल्या पहिल्या महिला शास्त्रज्ञ त्या ह्याच टर्नरबाई.

पुढे इतरत्रही, ऊन झऱ्यांजवळ आणि जेथे थंड तळातून वायू झिरपतो अशा ठिकाणीही, याच घराण्यातील शिंपा सापडू लागल्या. त्यांचे वर्गीकरण करताना शास्त्रज्ञांची जी तारांबळ उडाली ती आमच्या बाकावरच्या तीन ढिगांसारखीच होती, फक्त खर्चाच्या मानाने फार मोठी. पाणबुडीच्या एका खेपेत हाती लागणार चार-दोन नमुने. जुन्या काही जातींचे वर्णन तर जाळ्यात आलेल्या मोजक्या कवचांवरून केलेले. त्यातून सगळ्यांची राहणी एकच, चिखलात किंवा भेगेत अर्धे रुतून बसण्याची. म्हणून बाहेरून सगळ्या बहिणी-बहिणी दिसणार. १९९४ मध्ये व्रायनहुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवचे बाजूला ठेवून शरीरातील प्रथिनांची तुलना केली. विजेच्या प्रवाहाने ही प्रथिने एका पातळ थरात कमीअधिक अंतरापर्यंत सरकवता येतात. ज्यांची घडण वेगळी ती वेगळ्या ठिकाणी थांबतात. तेव्हा डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या शिंपांत एकाहून अधिक जाती दडलेल्या आढळल्या. १९९७ मध्ये डीएनएच्या तुलनेनेही या शिंपांची नाती नव्याने मांडली गेली. त्यानंतर या कुलातील नावांची फेरमांडणी चालूच आहे. ‘भव्य कॅलिप्टोजेना’ ही स्वतःदेखील कॅलिप्टोजेना नव्हे असे ठरून २०२० मध्ये तिच्यासाठी नवा वंश करण्यात आला. त्या वंशाचे नाव टर्नेरोकोंका, अर्थात टर्नरबाईंची शिंप. ज्यांनी तिचे बारसे केले त्यांचेच नाव चाळीस वर्षांनी तिला मिळाले.

येथे काही वाचक विचारतील, खोल समुद्रातील शिंपेचे नाव एक असले काय आणि तीन असली काय, कोणाचे काय बिघडते? बिघडते ते असे. समुद्रतळाखाली गोठलेल्या स्वरूपात असलेला इंधनवायू किंवा धातूंचे साठे काढण्याचा विचार आज अनेक देश करीत आहेत. दहा ठिकाणच्या शिंपांना एकच नाव असेल, तर कागदावर ती जाती सर्वत्र मुबलक दिसेल, आणि एका ठिकाणचा तळ उकरला तरी उरलेल्या नऊ ठिकाणी ती आहेच, असा निर्वाळा कोणीही निर्धास्तपणे देईल. प्रत्यक्षात त्या एका ठिकाणची जाती तेथेच असेल आणि दुसरीकडे कोठेच नसेल, तर ती गेल्याचे कोणाला कळणारही नाही. जिला नावच नव्हते तिच्या जाण्याची नोंद कोण घेणार? भद्रेच्या शिंपेलाही हेच लागू आहे. तिला परदेशी मुलेरियाची एक आवृत्ती समजणे निराळे, आणि आपल्याकडच्याच कुलात स्वतंत्रपणे उगवलेले एक नवल समजणे निराळे.

मग सगळा निवाडा डीएनएवर सोपवून मोकळे व्हावे काय? आम्हांला प्रारंभी तसेच वाटले होते. पण या परीक्षेतही खोडा आहे आणि तो मोठा मजेदार आहे. पेशींत तंतुकणिका नावाचे बारीक घटक असतात. त्यांचे स्वतःचे थोडे डीएनए असते आणि जाती ओळखण्यासाठी बहुधा त्याचाच एक तुकडा वाचतात. माणसात आणि बहुतेक प्राण्यांत हे घटक फक्त आईकडून मिळतात. तळ्यातील शिंपांच्या कुलात मात्र पुष्कळ जातींमध्ये दोन परंपरा चालतात. आईकडील सर्वांना मिळते. बापाकडील फक्त मुलग्यांना, आणि ती त्यांच्या जननग्रंथीत टिकून राहते. या दोन परंपरांतील फरक कधीकधी दोन जातींमधील फरकापेक्षाही मोठा असतो. म्हणजे अनवधानाने एका नमुन्याच्या पावलाचा तुकडा घेतला आणि दुसऱ्याच्या जननग्रंथीचा, तर सख्ख्या भावाबहिणींच्या दोन जाती होऊन बसतील! याखेरीज, ज्या शिंपेचे डीएनए वाचले ती मुळात कोणती हे आधी कोणीतरी डोळ्यांनीच ओळखलेले असते. तेथे चूक झाली तर यंत्र ती चूक अत्यंत अचूकपणे पुढे चालवते. म्हणून आजही जाणते लोक कवच, बिजागरीचे दात, स्नायूंचे वण, कल्ल्यांची रचना, राहण्याची जागा आणि डीएनए अशा सर्वांची साक्ष घेतात, आणि साक्षी जुळत नसतील तर थांबतात.

थांबण्याचे एक उत्तम उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. रेल्वेने कॅसलरॉकचा घाट उतरला की गोवा. तेथे दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. या संस्थेतील संशोधकांनी बंगालच्या उपसागरात, कृष्णा आणि गोदावरी यांच्या मुखांसमोरील समुद्रतळाचा गाळ लांब नळीने वर काढला. त्या गाळात पूर्वी कधीतरी तळातून झिरपणाऱ्या वायूवर जगलेल्या शिंपांची कवचे निघाली. २००९ मध्ये त्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा वंशाचे नाव कॅलिप्टोजेना असे दिले आणि जातीच्या जागी फक्त ‘कोणती तरी जाती’ अशा अर्थाचे संक्षिप्त अक्षर लिहिले. इतका दुर्मिळ ठेवा हाती आल्यावर त्याला नवे नाव देण्याचा मोह आवरणे सोपे नसावे. पण मृत कवचांवरून या घराण्यात किती फसगत होते हे ते जाणून होते. (जाता जाता भूगोलाची एक गंमत सांगतो. उणकल तळ्याचा नाला बेण्णीहळ्ळ्याला, तो मलप्रभेला आणि ती कृष्णेला मिळते. भद्राही तुंगेला भेटून अखेर कृष्णेतच जाते. म्हणजे या लेखातील तळ्याचे, नदीचे आणि समुद्रतळाचे पाणी एकाच वाटेवरचे आहे.)

ही सर्व माहिती जमवून झाल्यावर आम्ही पुन्हा त्या जुन्या पेटीकडे वळलो. आता पाहण्याची रीत थोडी कळू लागली होती. आतले बहुतेक शिंपले लॅमेलिडेन्स वंशाचे होते. परंतु कोपऱ्यात तीन लहान शिंपले अगदी वेगळे निघाले. ते जाड, गोलसर असून त्यांच्या ककुदाजवळ बारीक, नागमोडी सुरकुत्या होत्या. बिजागरीचे दातही पातळ पट्टीसारखे नसून जाडजूड. हा पॅरेसिया वंश. याच्या सुरकुतलेल्या एका जातीचे वर्णन डेन्मार्कच्या म्यूलरने १७७४ इतक्या जुन्या काळी केलेले आहे, आणि भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेने ज्या शिंपांत मोती पिकविण्याचे तंत्र बसविले, त्यांत आपल्या दोन लॅमेलिडेन्सबरोबर हीही आहे.

मुलांना मोठा आनंद झाला. पॅरेसिया उणकलच्या तळ्यात आहे! दुसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा काठावर गेलो, तिसऱ्या रविवारीही गेलो. लॅमेलिडेन्सचे शिंपले पाटीभर मिळाले. सुरकुत्यांचा एकही मिळाला नाही. तेव्हा एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, “ही जात तळ्यातून नाहीशी झाली असेल का?”

उत्तर द्यावयास आम्ही तोंड उघडले आणि झाकणावरचा आमचाच कागद आठवला. ‘उणकल तलाव’ हे आम्ही लिहिले होते. ज्याने शिंपले वेचले त्याने नव्हे. ते तीन शिंपले उणकलचे असतील, तर तळ्याने काहीतरी गमावले आहे. ते कोणी सुटीत तुंगभद्रेकाठी गेला असता खिशात घालून आणलेले असतील, तर तळ्याने काहीच गमावलेले नाही. या दोन गोष्टींतील खरी कोणती हे सांगणारी एक ओळ त्या संग्राहकाने लिहिली नाही, आणि आम्ही तर त्या रिकाम्या जागेवर खोटी ओळ लिहून ठेवली. ज्या चुकीसाठी बूर्गिन्यांच्या पंथाला हसलो होतो, त्याहून आमची चूक लहान नव्हती. त्यांनी निदान प्रत्येक शिंपला कोणत्या तळ्यातला हे लिहून ठेवले असावे.

त्या दिवशी मुलांनी कागद ओला करून हलक्या हाताने सोडविला. खालची जांभळी शाई थोडी फुटली, पण वाचता येते. ती तशीच ठेवली आहे. नव्या शिंपल्यांच्या प्रत्येक खोक्यात आता एक चिठ्ठी असते. तिच्यावर दिनांक, तळ्याची कोणती बाजू, पाण्यापासून किती पावलांवर, तळ चिखलाचा की वाळूचा, आणि वेचणाऱ्याचे नाव. मधल्या ढिगातील शिंपल्यांच्या चिठ्ठीवर ‘लॅमेलिडेन्स, जाती अनिश्चित’ असे लिहिले आहे, आणि त्या तीन लहान शिंपल्यांच्या चिठ्ठीवर एका मुलीने लिहिले आहे : ‘पॅरेसिया. जाती अनिश्चित. ठिकाण अज्ञात. शाळेच्या जुन्या पेटीतून.’